तिसरा रकाना

बुधवार पेठेतल्या त्या बोळवजा दुकानात दातार दुरुस्तीला टाकलेला ट्रान्झिस्टर न्यायला गेले होते, आणि दुकानदारानं काउंटरवरून पुढे सरकवलेल्या मोबाइलवर त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. आधी नुसतं अक्षरच दिसलं; मजकूर मागाहून आला. लांब ओढलेला काना, शब्द संपला तरी न संपणारी शिरोरेघ. आपला शर्ट दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसावा, तसं त्यांना झालं. त्या अक्षरावर तिरका, लाल, 'असत्य' असा शिक्का होता. खाली छापील ओळी होत्या, त्या वाचायला त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. विद्यार्थिनीवर लाठीमार झाल्याचा दावा निराधार आहे. प्रत्यक्षदर्शी व ज्येष्ठ संदर्भतज्ज्ञ श्रीनिवास दातार यांच्या स्वहस्ते लिहिलेल्या टिपणानुसार, मारहाण झाल्याचे त्यांना केवळ 'वाटले'. "दातार, हे तुम्हीच ना?" दुकानदार म्हणाला. "मग रेडिओ कशाला नेताय? बातम्या तर तुम्हीच देताय." तो वाईट माणूस नव्हता. दोन दिवस शहरात इंटरनेट बंद होतं तेव्हा त्याच्याकडचे धूळ खात पडलेले जुने रेडिओ चार तासांत संपले होते, आणि तेव्हापासून त्याला सगळ्याच गोष्टींची गंमत वाटत होती. दातारांनी काहीतरी हसल्यासारखं केलं. ट्रान्झिस्टर पिशवीत घातला. दुकानाच्या पायरीवरून उतरताना त्यांच्या मनात एकच शब्द घोळत होता, आणि तो 'असत्य' नव्हता. 'केवळ' हा होता. केवळ असं त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

रस्त्यावर दगडूशेठच्या दर्शनाची रांग वळसा घेऊन आली होती, नारळाच्या आणि उदबत्तीच्या वासातून वाट काढत ते चालत राहिले. चित्रातल्या चिठ्ठीच्या डाव्या कडेला एक उभी रेघ अर्धवट दिसत होती, ती त्यांना आता आठवली. ती रेघ त्यांनी पट्टी लावून मारली होती. त्या रेघेच्या अलीकडे आणखी दोन रकाने होते, भरलेले, पहिला तर काठोकाठ. ते कुणीतरी कापून टाकले होते. अडतीस वर्षं दातारांनी एका दैनिकाच्या संदर्भ विभागात काढली. कात्रणं कापायची, चिकटवायची, तारीख टाकायची, आणि कुणी येऊन विचारलं की अमुक गोष्ट खरी का, तर तिचा मागोवा काढून द्यायचा. बातमीत नाव कधी आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते मागे सरत, आणि बोललेलं वाक्य रात्रभर तपासत बसायची खोड त्यांना होतीच. त्या नोकरीत त्यांनी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट केली होती. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, तिच्यावर दोन उभ्या रेघा, आणि तीन रकाने. पाहिले. ऐकले. वाटले. कुणीही काही सांगत आला की दातार त्याला ती चिठ्ठी देत. वार्ताहर चिडत, चेष्टा करत. एकानं तर स्वतःच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तीन रकाने आखून पाठवले होते आणि तिन्हींत 'वाटले' असंच लिहिलं होतं. पण घटना जितकी मोठी तितका पहिला रकाना रिकामा आणि तिसरा भरलेला, हे हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात यायला लागलं.

ही युक्ती हुशारीतून आलेली नव्हती. एका लाजेतून आली होती, आणि ती लाज दातारांनी आजवर फक्त एका माणसाला सांगितली होती. ते पंचविशीत असताना, ज्या दिवसांत अग्रलेखाची जागा कोरी सुटायची आणि सरकारी कार्यालयातून आलेला कागद स्वल्पविरामासकट छापावा लागायचा, त्या दिवसांत एका गिरणीच्या गावात गोळीबार झाला होता. प्रेसनोटीत मृत दोन होते. तिथल्या वार्ताहराचं हातानं लिहिलेलं पत्र चार दिवसांनी आलं, त्यात नऊ नावं होती, वयासकट. विभागप्रमुखांनी काही सांगितलं नाही, फक्त पत्र दातारांच्या टेबलावर ठेवून ते जेवायला गेले. दातारांनी बराच वेळ विचार केला. नऊ नावं या माणसानं स्वतः मोजली की ऐकली? आणि मग त्यांनी ते पत्र वहीच्या पानावर चिकटवलं, आणि त्याच्यावर प्रेसनोट चिकटवली. फाडलं नाही, फेकलं नाही, नोंद चुकवली नाही. नुसती एकावर एक अशी खळ लावली. पुढे ते वार्ताहर एकदा कचेरीत आले, पत्र पोचलं का म्हणून विचारलं. दातार म्हणाले, पोचलं, जपून ठेवलंय.

ज्या माणसाला त्यांनी हे सांगितलं होतं तो आमोद. बावीस-तेवीसचा असताना संदर्भ विभागात लागला, सगळ्या विभागात मन लावून चिकटवणारा तेवढा एकच. एका पावसाळ्यात जुन्या वह्यांना दमट वास यायला लागला म्हणून दोघं मिळून त्या उन्हात घालत होते, तेव्हा एका पानावरचा कागद उचकटला आणि खालचं हस्ताक्षर दिसलं. आमोदनं विचारलं, सर, हे काय? दातारांनी सांगितलं. सांगताना ते वहीकडेच बघत होते. आमोदनं तो वरचा कागद पाणी लावून, नखानं, एक दुपारभर बसून अलगद सुटा केला, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. दातारांना मूलबाळ नव्हतं. त्या दुपारी त्यांना जे काही वाटलं ते त्यांनी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

आमोद पुढे नोकरी सोडून गेला. वर्षातून एकदा, पाडव्याला, पाया पडायला येई. सरकारनं माहिती पडताळणी कक्ष म्हणून काही काढलं आहे आणि आपण तिथं आहोत, असं त्यानं मागच्या पाडव्याला सांगितलं, तेव्हा दातारांना अभिमानच वाटला होता. रकाने सरकारात गेले, असं ते सुहासिनीला म्हणाले होते. सुहासिनी म्हणाली होती, "जाऊ देत. परत येताना काय घेऊन येतात ते बघू."

दुकानापासून मंडईपर्यंत ते कसे आले ते त्यांना कळलं नाही. भाजीच्या ओल्या पाट्यांजवळ ते थांबले. आपण काय लिहिलं होतं? शब्द न शब्द आठवत होता; आठवणार नाही असं व्हायचं काही कारण नव्हतं, पण आता आठवणीवरही विश्वास ठेवावा की नाही असं झालं होतं. निवृत्तीनंतर ते नव्या पेठेच्या बाजूच्या एका जुन्या वाचनालयात मानद ग्रंथपाल म्हणून बसत. खाली अभ्यासिका, वर वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, आणि खंडांच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. अभ्यासिकेत परीक्षांना बसणारी मुलं. यवतमाळ, वाशीम, भंडारा, कुठून कुठून आलेली. नऊ दिवस ती मुलं रस्त्यावर बसली होती. तीन वर्षं लांबलेल्या परीक्षा, लागूनही न लागलेले निकाल, निकालानंतर न मिळालेल्या नेमणुका. पहिले दोन दिवस कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी एक अधिकारी येऊन शासन सकारात्मक आहे असं सांगून गेले. सातव्या दिवशी गर्दी पार चौकापर्यंत गेली. नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, चौकाकडून आरडाओरडा आला आणि मोबाइलमधलं इंटरनेट गेलं, किंवा आधी इंटरनेट गेलं आणि मग आरडाओरडा आला. या क्रमाबद्दलसुद्धा दातार खात्री देऊ शकले नसते.

ते खिडकीशी उभे होते. खिडकीच्या खाली, दोन खांबांना बांधलेला, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स होता; एक मोठा चेहरा आणि त्याच्या भोवती दहा-बारा लहान हसरे चेहरे. त्या फ्लेक्सच्या पलीकडे, इमारतीच्या काटकोनात वळलेल्या अंगाला, खिडकीकडे तोंड असलेली अभ्यासिकेची पायरी. पायरीवर रुपाली गावंडे बसली होती. तिला ते ओळखत होते. दिग्रसच्या बाजूची, फौजदाराच्या परीक्षेची लेखी पार केलेली, पुढच्या महिन्यात मैदानी चाचणी व्हायची होती म्हणून रोज पहाटे पळून येणारी. बसलेल्या रुपालीचा खांद्यापर्यंतचा भाग फ्लेक्सच्या वर दिसत होता, खालचा दिसत नव्हता. मुलं पळाली, ती पळाली नाही. हातात पुस्तक होतं, आपण अभ्यासिकेच्या दारात आहोत एवढ्यावर तिचा भरवसा असावा. एक शिपाई आला. काठी वर गेली, फ्लेक्समागे खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी दातारांनी तिचा चेहरा पाहिला. ओरडण्याआधी माणसाचा चेहरा क्षणभर कसा अगदी कोरा होतो, ते त्यांनी तीन वेळा पाहिलं. मग ती फ्लेक्सच्या खाली गेली, आणि तिथं फक्त ते दहा-बारा चेहरे हसत राहिले.

दातार खाली गेले नाहीत. जिन्यापर्यंत गेले होते. तिथंच कठडा धरून उभे राहिले, आणि उतरले तेव्हा मुलांनी तिला रिक्षात घातलं होतं.

पुढचे दोन दिवस इंटरनेट नव्हतं आणि ऐकीव गोष्टींना पाय फुटले. मुलगी कोमात आहे. मुलगी गेली. एक नाही, तीन गेल्या. बुधवारी संध्याकाळी गल्लीगल्लीत मेणबत्त्या लागल्या, खांबांवर झेरॉक्स केलेले फोटो चिकटले, खाली 'शहीद रुपाली गावंडे' असं लिहिलेलं. तो फोटो रुपालीचा नव्हता. कोण मुलगी होती कुणास ठाऊक. कुठूनतरी काढलेली, दोन वेण्या घातलेली. दातार त्या खांबासमोर उभे राहिले आणि त्यांना मंगळवारच्या काठीइतकाच या कागदाचा राग आला. रुपाली जिवंत होती. सरकारी रुग्णालयात गुडघ्याचं हाड मोडून पडली होती. अभ्यासिकेतल्या दोन मुली तिला भेटून आल्या होत्या. आणि पोलिसांची प्रेसनोट आली होती की किमान बळाचा वापर झाला, कुणी जखमी नाही, एक मुलगी दगडफेक करून पळताना भिंतीवरून पडली. चाळीस जणांवर गुन्हे, त्यांत तीही. एका बाजूला तिला मेलेली ठरवत होते, दुसऱ्या बाजूला पडलेली. खरी गोष्ट या दोहोंच्या मधे, एका पायरीवर होती, आणि ती वरून पाहणारा माणूस एकच होता.

म्हणूनच गुरुवारी चहाच्या वेळेला आमोद आला तेव्हा दातारांना हायसं वाटलं. त्यानं नेहमीसारखे बूट दारात सरळ लावून ठेवले, सुहासिनीची विचारपूस केली, तिच्या हातच्या चकल्या खाल्ल्या. म्हणाला, शहर पेटायला आलंय सर, मुलगी मेली म्हणून उद्या कुणी बस जाळली तर खरोखरच कुणीतरी मरेल. आमच्याकडे सतरा क्लिपा आल्यात, त्यांतल्या नऊ दुसऱ्या राज्यातल्या, आणि तीन तर चार वर्षांपूर्वीच्या. मला एकच माणूस असा माहीत आहे की तो जे सांगेल ते मी डोळे मिटून मानीन. हे वाक्य तेव्हा दातारांना नीट समजलं नव्हतं, पण त्यातला मान समजला. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरी चिठ्ठी काढली. पट्टी लावून दोन रेघा मारल्या. पाहिले: मुलगी पायरीवर बसलेली, हातात पुस्तक. दगड नव्हता. शिपायाची काठी तीनदा वर गेली, तीनदा खाली आली. तीनही वेळा मुलीचा चेहरा. ऐकले: तीन आवाज, किंकाळी. मग ते थांबले होते. काठी लागताना पाहिली का? नाही. मधे फ्लेक्स होता. आमोद समोर बसला होता, आणि आमोदसमोर, त्या वहीच्या पानानंतर, त्यांना अर्धा शब्दही उसना घ्यायचा नव्हता. त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: तिला गुडघ्यावर मारले असे वाटले. आमोदनं चिठ्ठी वाचली, घडी न घालता फाइलमध्ये ठेवली. म्हणाला, सर, अजून तुमचं अक्षर तसंच आहे.

मंडईत उभ्यानंच दातारांनी फोन लावला. आमोदनं पहिल्या घंटीला उचलला, म्हणजे त्याला फोन अपेक्षित होता. दातारांना नीट वाक्य जुळवता येईना. चिठ्ठी अर्धी छापली, एवढंच ते म्हणाले, आणि केवळ हा शब्द माझा नाही. आमोद शांत आवाजात बोलत राहिला. जागा कमी असते, सर. मृत्यूची अफवा थांबली, मेणबत्त्या विझल्या, हे तुमच्यामुळे. मजकूर वरच्या साहेबांनी केला, पण तुमच्या चिठ्ठीतलं अक्षर कुणी बदललेलं नाही.

"पहिले दोन रकाने?" दातारांनी विचारलं.

आमोद म्हणाला, "सर, तुम्हाला फटका दिसला असता तर तो पहिल्या रकान्यात असता ना? तुम्हीच शिकवलंत. मी फक्त तुमचा तिसरा रकाना वाचला."

त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना. पत्रावर प्रेसनोट चिकटवायला खळ लागते, हात लागतात, दुपार लागते. इथं खळ लागलीच नव्हती. कागद त्यांनीच इतका व्यवस्थित आखून दिला होता की रेघेवरून कात्री चालवायची तेवढीच बाकी होती. आणि ज्या बोटांनी तो वरचा कागद नखानं सोडवला त्याच बोटांनी ती चालली होती. की त्या दुपारी आमोद शेजारी शेजारी लावायला शिकत नव्हता, कागद कुठं सुटा होतो ते शिकत होता? की हे आपल्याला वाटतं आहे? दातारांना स्वतःची चीड आली. विश्वासघातसुद्धा त्यांना पाहिला म्हणता येत नव्हता. घराच्या वाटेवर त्यांनी आपल्याच जुन्या दैनिकाचा अंक घेतला. तिसऱ्या पानावर कक्षाचा मजकूर जसाच्या तसा होता, त्यांच्या नावासकट. त्याच विभागातल्या, त्यांनी शिकवलेल्या, त्यांच्याच खुर्च्यांवर बसलेल्या एकाही माणसानं फोन उचलून त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? दातारांचं टिपण म्हणजे तपासलेलंच असणार.

दार सुहासिनीनं उघडलं. "तुमच्याकडे आल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "चहा नको म्हणत होत्या, मी दिला." तिनं त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अहो, आत जायच्या आधी चष्मा पुसून घ्या. निदान आता तरी स्वच्छ दिसू दे." चाळीस वर्षांच्या संसारात ती असं खूप बोलली होती, या वेळी तिचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

खुर्चीच्या अगदी कडेला पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत थर्मास. दातार येताच उठून उभ्या राहिल्या. मी मुक्ताई गावंडे, रुपालीची आई, म्हणाल्या. गावातल्या शाळेत खिचडी शिजवतात, शहराबाहेर मांजरी गावात त्यांच्या दिराचा मुलगा असतो त्याच्याकडे उतरल्या आहेत, दोन बस बदलून आल्या. हे सगळं त्यांनी सांगून टाकलं आणि मग पिशवीतून वर्तमानपत्राचं ते पान काढलं, चार घड्या घातलेलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दातार तक्रारीसाठी मनाची तयारी करत होते, आणि तीच नव्हती.

"पोरगी म्हनते पोलिसायनं मारलं," त्या म्हणाल्या. "म्हने आई, दातार काका वर खिडकीत होते, त्याहिले विचार, थे कधी खोटं बोलत नाहीत. मंग हे पेपरात आलं. तुमचंच नाव हाय जी. तुमाले वाटलं म्हनून." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "मले समजलं का पोरगी खोटी बोलते. दगडं मारले असन, भितीवरून पडली असन, मले भिऊन सांगत नाही. सकाळी म्या तिच्या तोंडात मारली, सर. पाय बांधलेला असून. थे रडली नाही. निस्ती माह्याकडं पाहात राह्यली."

सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली.

"एवढंच इचाराले आली," मुक्ताई म्हणाल्या. "थे खोटं बोलते का?"

दातारांनी हातातलं वर्तमानपत्र पालथं ठेवलं. नऊ नावं लिहिणारे ते वार्ताहरही असेच एकच गोष्ट विचारायला कचेरीत आले होते. नाही, ते म्हणाले. खोटं बोलत नाही ती. मुक्ताईंनी डोळ्याला पदर लावला नाही. पान पुन्हा चार घड्या घालून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या की आज तीन वाजता पोलीस जबाब घ्यायला रुग्णालयात येणार आहेत, दगडफेकीचं कलम राहिलं तर पोरीला वर्दीची नोकरी या जन्मात मिळत नाही असं तिच्या मैत्रिणी सांगतात, तर सर हेच कागदावर लिहून देतील का. दातारांचा हात सवयीनं खणाकडे गेला. कोरी चिठ्ठी बाहेर आली, पट्टी बाहेर आली, आणि पट्टी कागदावर ठेवल्यावर ते थांबले. चिठ्ठी त्यांनी परत आत ठेवली.

"कागद नको," ते म्हणाले. "मीच येतो."

रिक्षातून दातार बाहेर बघत राहिले. खांबांवरचे फोटो निघाले होते, खळीचे चौकोन राहिले होते. वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र अजून तसाच असेल, असं दातारांना वाटलं, आणि वाटलं हा शब्द मनात येताच ते दचकले.

वॉर्डात बारा खाटा होत्या, रुपालीची खिडकीकडची. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. दातारांना पाहून तिनं नमस्कार केला नाही, तोंडही फिरवलं नाही; अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. जबाब घ्यायला आलेली फौजदार जेमतेम तिशीची मुलगी होती, खांद्यावर दोन तारे, कपाळावर घाम. मी पण तुमच्या अभ्यासिकेतच अभ्यास केला काका, एवढं तिनं सहज सांगितलं, आणि स्टुलावर बसून कागद मांडीवरच्या फाइलवर ठेवले. रुपाली तिच्या खांद्याकडे बघत होती. दातारांनी सांगायला सुरुवात केली. पायरी, पुस्तक, शिपाई, काठी. फौजदार भराभर लिहीत होती, त्यांच्याइतकंच नीट अक्षर होतं तिचं. मग ती थांबली. खिशातून मोबाइल काढला, त्यावरचा लाल शिक्का त्यांच्यासमोर धरला.

"हे तुमचंच अक्षर ना, काका?"

"हो."

"मग मला नीट समजून घेऊ द्या. काठी हिच्या गुडघ्याला लागताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली? हो की नाही, एवढंच सांगा. वाटलं असेल तर वाटलं म्हणा, मी तसं लिहीन."

ती कठोर नव्हती. उलट तिनं त्यांना वाट मोकळी करून दिली होती. ती वाट त्यांच्या ओळखीची होती, अडतीस वर्षं रोज त्याच वाटेनं ते घरी आले होते. दातारांनी डोळे मिटले. फ्लेक्स होता. मोठा चेहरा होता, लहान चेहरे होते, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं होती, वरच्या कडेला एक भोक होतं आणि त्यातून सुतळी ओवली होती. इतकं स्पष्ट त्यांनी आयुष्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा पाहिला म्हणावं? चेहऱ्याचा कुठला रकाना? त्यांनी डोळे उघडले. मुक्ताई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, एक हात प्लास्टरवर ठेवून, जसा काही पाय कुणी घेऊन जाईल.

"पाहिली," दातार म्हणाले. "तीनदा."

"आणि मग हे?" तिनं मोबाइल जरा हलवला.

"ते खोटं लिहिलं मी."

फौजदार मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. लिहिलं. कोर्टात हे दोन्ही कागद तुमच्यासमोर ठेवतील, एवढं मात्र सांगितलं. वाचून सही करा म्हणून कागद पुढे केला. दातारांनी वाचला. पूर्वी कुठलाही कागद वाचताना त्यांच्या हातात पेन्सिल असे. आता सही करायचं पेन होतं, आणि दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखी सुबक आली, याचंच त्यांना भय वाटलं.

फौजदार गेल्यावर वॉर्डात पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. रुपाली अजून त्यांच्याकडे बघत होती, पण आता वेगळं बघत होती. पायरीवर बसलेल्या माणसाला खिडकीकडे बघितलं तर काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "मधे तो बोर्ड होता ना."

"होता," दातार म्हणाले.

मुक्ताईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, चहा झाकणात ओतला, आणि आधी तो दातारांपुढे धरला.